नानांच्या त्रेसष्ट चुका

"निंबानानाला फसवणारा माणूस अजून खान्देशात जन्माला यायचाय!"

हे वाक्य निंबानाना दिवसातून तीनदा म्हणायचे. सकाळी दूधवाल्यासमोर, दुपारी भाजीवालीसमोर आणि संध्याकाळी कुणीच सापडलं नाही तर आरशासमोर. आरशाकडेसुद्धा जरा तिरकेच बघायचे. डाव्याचं उजवं करणाऱ्या वस्तूवर काय विश्वास ठेवायचा!

एकतीस वर्षं वजनमापं तपासण्याच्या नोकरीत गेलेली. काट्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, मापाला आतून पाडलेला पोचा, ताजव्याखाली लावलेली चिंच, नानांनी सगळं पकडलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण डोळा काही निवृत्त झाला नव्हता. देवळात तीर्थ घेताना पुजाऱ्याची पळी किती मिलिलिटरची आहे, ते आधी बघायचे आणि मग हात पुढे करायचे.

स्वतःपुरता संशयी असता तर हा माणूस खपूनही गेला असता. पण नानांना एक मुलगा होता, चंदन. वय तेहतीस, पाइपांच्या कारखान्यात इंजिनिअर, निर्व्यसनी, देखणा, आणि अजून बिनलग्नाचा! कारण एकच, वडील. चाळीसगावच्या मुलीची पदवी नानांनी चारचौघांत उन्हात धरून पाहिली, कागद खरा की खोटा! यावलच्या पाहुण्यांनी आणलेला पेढ्यांचा पुडा खिशातल्या स्प्रिंगकाट्याला टांगला आणि जाहीर केलं, "खोक्यासकट अर्धा किलो! म्हणजे पेढे चारशे साठच!" यावलचे पाहुणे कपात उरलेला चहा तसाच सोडून गेले.

आता तिसरं स्थळ धुळ्याचं. मुलगी कामिनी, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी. चंदनला ती इतकी पसंत, की तो हल्ली मोबाइलकडे बघून एकटाच हसायचा. साखरपुडा जानेवारीतल्या रविवारी, धुळ्याला, अकरा वाजता. पण मुलीच्या वडिलांनी, बन्सीलाल आबांनी, यावलच्या पेढ्यांची हकिकत ऐकली होती. त्यांनी फोनवर स्पष्टच सांगितलं, "नाना, पाहुणचारात आम्ही कमी पडणार नाही. पण कुणी आमच्या चुका काढायला बसलं, तर साखरपुडा तिथंच मोडला समजा!"

पार्वताबाईंनी नवऱ्याला हात जोडले. "अहो, एवढा एक दिवस तुमचा संशय घरात कुलूप लावून ठेवा."

"ठेवतो की," नाना म्हणाले. "पण कुलूप कोणत्या दुकानातून आणलंय?"

तर असं सगळं जुळून आलेलं असताना गाडीनं घात केला.

नानांनी पोळ्याला इलेक्ट्रिक गाडी घेतली होती. पेट्रोलपंपावरच्या मापावर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून पंपच नको! गाडी आवाज करत नव्हती, याचा मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून संशय होता. जी वस्तू गुपचूप चालते ती काहीतरी लपवत असणार! तरी दसऱ्यापर्यंत बरं चाललं. पूर्ण चार्ज केली की पडद्यावर आकडा यायचा, तीनशे बारा किलोमीटर. जानेवारीत जळगावचा पारा नऊवर आला आणि एका सकाळी तेवढ्याच चार्जला आकडा आला, दोनशे एकाहत्तर!

एक्केचाळीस किलोमीटर गायब! नानांना घाम फुटला. नऊ डिग्रीत!

"चंदन! चोरी झाली!"

"काय गेलं?"

"एक्केचाळीस किलोमीटर!"

चंदननं समजावलं, की थंडीत बॅटरी जरा सुस्तावते, मार्चमध्ये आकडा आपोआप वर येईल. नानांनी मान हलवली आणि अजिबात ऐकलं नाही. पेट्रोल चोरायला नळी लागते, करंट चोरायला काय लागतं? आणि समोरच्या बंगल्यातला पोर्चचा दिवा हल्ली जरा जास्तच उजळ दिसत नाही का? त्याच संध्याकाळी त्यांनी चार्जिंगच्या झाकणावर लाख ओतली आणि खात्यात मारायचे तसा शिक्का मारला. सकाळी शिक्का शाबूत, आणि आकडा दोनशे एकोणसत्तर!

"बघितलंस?" नाना कुजबुजले. "चोर सरकारी माणूस आहे."

झाकण मात्र उघडेना. चंदननं ऑफिसला अर्ध्या दिवसाची रजा टाकून स्क्रू-ड्रायव्हरनं लाख खरवडली. लाखेबरोबर थोडा रंगही गेला.

तेवढ्यात नानांच्या भाच्याचा, युवराजचा, नॉर्वेहून व्हिडिओ कॉल आला. तो तिकडं कॉम्प्युटरच्या कामावर. मागं खिडकीत पांढरंफेक बर्फ.

"मामा, इथं उणे चौदा आहे! थंडीत रेंज कमी होणारच. माझी पण होते. मी तर नोव्हेंबरमध्येच विंटर टायर टाकले."

नानांचे कान ताठ झाले. "म्हणजे हिवाळ्याचे टायर वेगळे असतात?"

"हो मामा. रिमसकट वेगळा सेट. न टाकले तर पोलीस धरतात, कायदाच आहे! पण ते बर्फा..."

आणि युवराजची रेंज गेली.

नानांनी फोन खाली ठेवला. डोळे बारीक झाले. कायदा आहे! आणि शोरूमवाल्यांनी सांगितलं नाही! पोळ्याला गाडी घेतली, तेव्हा त्यांनी गुपचूप उन्हाळ्याचे टायर गळ्यात मारले! आणि नेमकं सांगायच्या वेळीच फोन कुणी तोडला?

तासाभरात नाना शोरूममध्ये. समोर सारिका नावाची हसतमुख मुलगी.

"माझे हिवाळ्याचे टायर कुठे आहेत?"

"सर, आपल्याकडे विंटर टायर येतच नाहीत."

"येत नाहीत, की येऊ देत नाहीत?"

"सर, ते बर्फासाठी असतात. जळगावात बर्फ पडत नाही."

"असं वॉरंटीच्या पुस्तकात लिहिलंय? दाखवा! 'जळगावात बर्फ पडणार नाही', खाली कंपनीची सही!"

सारिकानं पाणी मागवलं. नानांना वाटलं, त्यांच्यासाठी. ते तिनंच प्यायलं.

मग नानांनी जळगावातली टायरची चार दुकानं पालथी घातली. चौघांनी एकच उत्तर दिलं, "नाना, इथं नाही लागत." झालं! चार दुकानदारांचा भाव कधी एक नसतो, आणि उत्तर एक? म्हणजे हे ठरवून चाललंय! नाना परस्पर असोद्याला गेले, चुलतभावाच्या मळ्यात. तिथं केळीच्या घडांना थंडी बाधू नये म्हणून निळ्या पिशव्या घातलेल्या. नानांनी त्यातल्या चार मागून आणल्या आणि सोय होईपर्यंत गाडीच्या चारही चाकांना घातल्या. दुसऱ्या दिवशी गाडी तशीच बाहेर काढली. कॉलनीतून गाडी गेली ती फडफड-फडफड आवाज करत, आणि निदान नानांचा एक संशय तरी मिटला. गाडी आता आवाज करत होती.

शेवटी कुणीतरी धुळ्याचं नाव काढलं. आग्रा रोडवर जीवराम नावाचा जुन्या टायरांचा व्यापारी होता. परदेशातून भंगारात येणाऱ्या टायरांचे त्याच्याकडे डोंगर रचलेले. हे टायर वितळवायला जायचे. नाना टेम्पो घेऊनच गेले.

"हिवाळ्याचे टायर आहेत?"

जीवराम खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "आहेत. पण तुम्हाला देणार नाही."

नाना खूश! आयुष्यात पहिल्यांदा एक प्रामाणिक दुकानदार भेटला! जो 'घ्या घ्या' म्हणतो तो चोर, जो 'नाही' म्हणतो तोही चोर, पण जो 'आहे पण देणार नाही' म्हणतो, त्याचा माल अस्सल!

"का देणार नाही?"

"नाना, ते आपल्या कामाचे नाहीत. खिळ्यांचे आहेत. बर्फात घसरू नये म्हणून रबरात लोखंडी खिळे बसवलेले असतात. हे बघा." त्यानं एक टायर गडगडत आणला. टायर कसला, साळिंदरच! बाजूला एक चिन्ह होतं, तीन शिखरं आणि आत चांदणी.

"हा डोंगर कुठला?"

"सातपुडाच समजा," जीवराम कंटाळून म्हणाला.

सौदा पक्का झाला. टायर लोखंडी रिमवर चढवलेलेच होते, पण नानांनी आधी रिमची भोकं मोजली. रिमला पाच, गाडीला चार! "एक भोक जास्त का? काय लपवताय?" जीवराम म्हणाला, "लपवायला भोक कशाला लागतं, नाना?" रिम राहिले, टायर तेवढे घेतले. मग नानांनी खडू मागितला, जमिनीवर मांडी घातली आणि टायरातले खिळे मोजायला सुरुवात केली. जीवराम जेवून आला. परत येऊन बघतो तर नाना चौथ्या टायरवर.

"खिळ्यांच्या जागा तीनशे चौऱ्याऐंशी. खिळे तीनशे एकवीस. त्रेसष्ट कमी!"

"नाना, वापरलेला माल आहे. गळतात."

"मापात कमी चालणार नाही! भरून द्या!"

"असले खिळे इथं मिळत नाहीत."

"मग दुसरं काहीतरी मारा, पण भोक रिकामं ठेवू नका!"

जीवरामनं दीर्घ श्वास सोडला आणि शेजारच्या सुताराकडून मूठभर चुका आणल्या. फळीला रेक्झिन मारायला सुतार वापरतात त्या, बारक्या, टोकदार, चपट्या डोक्याच्या. पंक्चरचं सोल्युशन लावून त्यानं एकेक चूक रबरात ठोकली. नाना शेजारी बसून मोजत होते.

"सांगून ठेवतो, नाना, चुका रबरात टिकत नसतात."

"तुमच्या टिकत नसतील. पावतीवर लिहा."

जीवरामनं लिहिलं, 'चुका, नग त्रेसष्ट, गिऱ्हाइकाच्या हट्टामुळे.' नानांनी खाली झोकदार सही केली आणि पावती पार्वताबाईंच्या पर्समध्ये ठेवायला दिली. पावती हरवते ती पुरुषाच्या खिशातून, असा त्यांचा अनुभव.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी जळगावात टायर चढले. मिस्त्री चढवताना दोनदा बाहेर जाऊन हसून आला. नानांनी त्याचीही नोंद घेतली.

रविवारी सकाळी आठला मंडळी निघाली. पुढे नानांची गाडी, तीत नाना, पार्वताबाई आणि नवा कुर्ता, नवं जॅकेट घातलेला चंदन. मागे असोद्याच्या नातेवाइकांच्या दोन जीपगाड्या. नानांची गाडी डांबरावरून अशी निघाली, की जणू पिठाच्या गिरणीत कुणी बाभळीच्या शेंगा टाकल्यात! कर्रर्र! कर्रर्र! पाळधीला बसस्टॉपवरच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या.

"नाना, हा आवाज..." चंदन म्हणाला.

"पकड घेतेय! बघ, जरा तरी घसरते का?"

"डांबरावर कशी घसरेल?"

"मी तेच म्हणतोय!"

एरंडोलच्या अलीकडे मागची जीप थांबली. पंक्चर! स्टेपनी लावली, निघाले. एरंडोल मागं टाकलं, दुसरी जीप थांबली. पंक्चर! तिलाही स्टेपनी लावली. पुढं सहा किलोमीटरवर पहिली जीप पुन्हा बसली. असोद्याचे चुलतभाऊ खिडकीतून ओरडले, "निंबा, गेली रे भो, परत गेली!"

आता स्टेपनी कुठली? घड्याळात दहा वाजून गेलेले.

नाना गाडीतून उतरले. चारी बाजूंनी आपले टायर बघितले. हवा टुणटुणीत! मागच्या दोन गाड्यांत तीन पंक्चर, पुढच्या गाडीत शून्य! त्यांची छाती फुगली आणि लगेच डोळे बारीक झाले.

"ही टोळी आहे."

"कसली टोळी?" पार्वताबाई.

"पंक्चरवाल्यांची! रस्त्यावर खिळे टाकायचे आणि पुढं दुकान लावून बसायचं. मी ऐकून आहे. माझे टायर हिवाळी, म्हणून वाचलो. आज पकडतोच!"

"अहो, आज साखरपुडा आहे!"

"दहा मिनिटांत टोळी पकडतो आणि निघू!"

पारोळ्याच्या अलीकडे रस्त्याकाठी पंक्चरची टपरी दिसली. बाहेर टायर टांगलेला, आत नवल नावाचा पन्नाशीचा माणूस चहा पीत बसलेला. एव्हाना दुसरीही पुन्हा बसल्यानं दोन्ही जीप लंगडत तिथं पोचल्या. नवल खुशीत उठला, जॅक घेऊन आला. नानांनी त्याला बोट दाखवून थांबवलं.

"गिऱ्हाईक बघून फार आनंद झाला?"

"व्हयना ना, नाना! सकाय पासून भवानी नही."

"म्हणजे वाटच बघत होतास! आज किती टाकलेस?"

नवलला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचा चहाचा पेला खाली आला. "नाना, मी बावीस साल पासून पंक्चर काढस. खिळा टाकाना धंदा मना नही!"

त्यानं रागारागानं जीपचं चाक खोललं, पाण्यात ट्यूब बुडवली, टायरात बोट फिरवलं आणि पकडीनं काहीतरी उपटून नानांच्या तळहातावर ठेवलं. बारकी, टोकदार, चपट्या डोक्याची. चूक!

"पुरावा!" नाना गरजले. "सगळे खाली उतरा! मागं रस्त्यावर चालत जा! कडेकडेनं बघा! जेवढ्या चुका दिसतील तेवढ्या गोळा करा!"

आणि मग राष्ट्रीय महामार्गावर एक दृश्य दिसलं. फेटे बांधलेले काका, जरीच्या साड्यांतल्या मावश्या, अत्तर लावलेले चुलतभाऊ, अशी तेवीस माणसं रस्त्याच्या कडेला वाकून चालताहेत! येणारे ट्रकवाले वेग कमी करून विचारायचे, "काय हरवलं?" मावश्या सांगायच्या, "काही नाही, चुका शोधतोय!" ट्रकवाले हात जोडून पुढे जायचे. त्यांना वाटलं, कुठला तरी नवा पंथ आहे. चंदननं मात्र जॅकेट काढून आईकडे दिलं, कुर्त्याच्या बाह्या सारल्या आणि तो नवलबरोबर चाकं खोलायला बसला. कुणीतरी धुळ्याला पोचायला हवं होतं, आणि त्याला तर फारच हवं होतं.

पावणेअकराला पार्वताबाईंचा फोन वाजला. बन्सीलाल आबा!

"अक्का, कुठवर आलात?"

"आबा, जरा उशीर होतोय हो. आम्ही पारोळ्याच्या अलीकडे थांबलोय."

"का? काय झालं?"

"काय सांगू! सगळे चुका काढत बसलेत."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कोण?"

"सगळेच. काका, मावश्या. वाकून वाकून शोधताहेत."

"किती सापडल्या?" आबांचा आवाज खर्जात गेला होता.

"एकोणीस झाल्या. पण हे म्हणतात, अजून असणार."

आणि नेमके तेव्हाच मागून नाना ओरडले, "एकही चूक सोडायची नाही! एकेकीचा फोटो काढा! या लोकांना मी असं सोडणार नाही! निघालेत मोठे फसवायला!"

फोन कट.

पार्वताबाईंनी फोनकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "अहो, आबांनी काही न बोलता फोन ठेवला."

"रेंज गेली असेल," नाना म्हणाले, आणि मग त्यांनाच संशय आला. "का बरं गेली असेल?"

इकडे नवलचा अपमान काही शमला नव्हता. जीपची चाकं चंदनवर सोपवून तो नानांच्या गाडीभोवती फिरू लागला. एक चक्कर, दुसरी चक्कर. मग खाली बसला. मग पोटावर झोपला. मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"नाना, हाई काय शे?"

"हिवाळ्याचे टायर आहेत. तुला नाही कळायचं."

"तुमना टायरमा त खिळास्ना पीक येल शे!" नवलनं टायरावर हात फिरवला, एक चूक चिमटीत धरली आणि ती अलगद, पिकलेल्या बोरासारखी, हातात आली. उन्हानं सोल्युशन सुकून गेलेलं. त्यानं ती जीपमधून निघालेल्या चुकेशेजारी धरली. दोघी सख्ख्या बहिणी!

तोवर शोधमोहीम परत आली होती. काकांनी रुमाल पसरला. जीपच्या चाकांतल्या धरून तेवीस चुका.

"नाना," पार्वताबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या टायरात अजून किती आहेत, तेवढं मोजा बरं."

नानांनी मोजल्या. न मोजणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. नवलनं आत्ता उपटलेली धरून चाळीस.

"तेवीस आणि चाळीस किती?"

नानांनी बोटांवर बेरीज केली. त्रेसष्ट! आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी माप बरोबर भरलं होतं, आणि नेमकं तेच भरायला नको होतं!

"योगायोग असेल," ते पुटपुटले. "माझ्याच कशावरून? पुरावा काय?"

पार्वताबाईंनी पर्स उघडली.

तेवढ्यात धुळ्याकडून दोन गाड्या धुरळा उडवत आल्या आणि करकचून थांबल्या. पहिलीतून बन्सीलाल आबा उतरले. अंगात पांढरा सफारी, कपाळाला कुंकू, चेहरा तापलेल्या तव्यासारखा. मागोमाग कामिनी. साखरपुड्याच्या साडीत, अर्धी वेणी घातलेली, अर्धी तशीच. बापाला एकटं सोडलं तर काय होईल, याचा तिला अंदाज असणार.

"कुठे आहेत नाना?" आबांनी रस्त्यावरच उभं राहून विचारलं. "आमच्या चुका काढल्यात म्हणे! एकोणीस! फोटोसुद्धा काढलेत! दाखवा ना आम्हाला! अजून पाहुण्यांना पाणीसुद्धा दिलं नाही, त्याच्या आधीच एकोणीस चुका?"

"आबा, अहो..."

"मी सांगितलं होतं! चुका काढल्या की साखरपुडा मोडला! चल ग कामिनी!"

चंदन जीपखालून बाहेर आला. तोंडाला ग्रीस, हातात पाना, डोळ्यांत पाणी. कामिनी जागची हलली नाही. मध्येच नवल पुढे झाला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, पण बावीस वर्षांच्या इभ्रतीचा प्रश्न होता.

"आबा, तुमी कसाले चिडतस? ह्या बठ्ठ्या चुका नानान्याच शेतस! मोजी लेवा! त्रेसष्ट!"

"काय?"

"नानान्या! तुमनी एक बी नही!"

आबांनी नानांकडे बघितलं. नानांनी सातपुड्याकडे बघितलं. पार्वताबाईंनी पावती पुढे केली. आबांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचली, "'चुका, नग त्रेसष्ट, गिऱ्हाइकाच्या हट्टामुळे.' खाली सही..."

"माझीच आहे," नाना म्हणाले. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी इतक्या हळू आवाजात काही कबूल केलं नव्हतं.

पहिली हसली ती कामिनी. तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. "आबा, स्वतःच्या चुका मोजून, त्याची पावती घेऊन, वर सही करून ठेवणारा माणूस मी तरी आजवर पाहिला नाही. मला हेच घर पाहिजे!"

आबांचा तवा हळूहळू निवला. आधी मिशी हलली, मग पोट. मग ते इतके हसले, की त्यांना नवलच्या खुर्चीवर बसवावं लागलं. "नाना," डोळे पुसत ते म्हणाले, "ठरलं ते ठरलं! पण एक अट. आता दिवसभर तुम्ही काहीही मोजायचं नाही, तपासायचं नाही, कुणावर संशय घ्यायचा नाही. शब्द द्या!"

"दिला," नाना म्हणाले. शब्द देताना त्यांच्या घशातून असा आवाज आला, जसा टायरातून चूक उपटताना येतो.

मुहूर्त पुढे ढकलून साडेबाराचा झाला. नानांची गाडी नवलच्या टपरीशी ठेवायची ठरलं. नवल म्हणाला, टायर काढून ठेवतो, पण एवढ्या खिळ्यांना हात लावायच्या आधी पोलिसांना बोलवावं का? एक जीप दुरुस्त झाली होती, दुसरी अजून ठोकळ्यावर. तेव्हा एका जीपमध्ये आणि आबांच्या दोन गाड्यांत सगळ्यांना कोंबायचं होतं. धावपळ उडाली! काका आबांच्या गाडीत, मावश्या जीपमध्ये, दोन चुलतभाऊ डिकीत. "चला चला! बसले का सगळे?" कुणीतरी ओरडलं. "बसले!" दुसऱ्या कुणीतरी ओरडलं. नानांची तर्जनी सवयीनं वर आली, एक, दोन... मग त्यांना शब्द आठवला. त्यांनी तर्जनी मुठीत दाबली, मूठ खिशात घातली आणि आबांच्या शेजारी सरळ समोर बघत बसले. पस्तीस किलोमीटरमध्ये त्यांनी गाडीच्या काट्याकडेसुद्धा पाहिलं नाही.

हॉलवर सनई सुरू होती. आबांच्या घरच्यांनी पाय धुवायला पाणी दिलं, नानांनी किती लिटर म्हणून विचारलं नाही. पेढा दिला, तो हातावर तोलला नाही. पार्वताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन पाट मांडले, कामिनी पूर्ण वेणी घालून एका पाटावर येऊन बसली. गुरुजींनी तांब्यावर नारळ ठेवला आणि वर बघितलं.

"मुलाला बोलवा."

मावश्यांनी काकांकडे बघितलं. त्यांना वाटलेलं, चंदन आबांच्या गाडीत. काकांनी चुलतभावांकडे बघितलं. त्यांना वाटलेलं, जीपमध्ये. चुलतभाऊ डिकीत होते, त्यांना काहीच दिसलं नव्हतं. कामिनी म्हणाली, "फोन लावा ना." फोन लावला. तो पार्वताबाईंच्या मांडीवरच्या जॅकेटात वाजला.

पाच मिनिटांनी पार्वताबाईंच्याच फोनवर अनोळखी नंबर आला. नवल होता.

"अक्का, टपरीमांगे टाकीवर हात धोयी राह्यना व्हता. साबणघाई बी ग्रीस निंघे ना. हाऊ तुमनाच माणूस शे ना?"

त्याला ताबडतोब घेऊन यायला सांगितलं. नवलनं टपरी उघडी टाकली आणि चंदनला आपल्या मोटरसायकलवर मागे बसवलं. एक वाजून दहा मिनिटांनी ते पारोळ्यातून पुढे गेले. मुकटीजवळ मोटरसायकल पंक्चर झाली. पंक्चरचं सामान टपरीत होतं.